कविवर बनारसीदास : एका व्यापाऱ्याचा जमाखर्च

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या पुण्यपुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात संकोचच निर्माण झाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाचे ताके मोजण्यात, रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात गेले. आचार्यांची, मुनिवरांची चरित्रे लिहिण्याचा अधिकार माझ्यासारख्या संसारी माणसाला कोठून असणार? परंतु आपल्या परंपरेत एक असे थोर गृहस्थ होऊन गेले की, जे माझ्यासारखेच व्यापारी होते, ज्यांनी कापडही विकले, तोटाही सोसला, आणि तरीही ज्यांचे नाव आज आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’च्या बरोबरीने घेतले जाते. ते म्हणजे ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते कविवर बनारसीदास.

‘समयसार नाटक’ आपल्यापैकी अनेकांच्या नित्य स्वाध्यायात आहे. मात्र त्यांचे ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र फारच थोड्यांनी वाचलेले असते. मला स्वतःला ते वाचण्याचा योग आला तो एका संकटामुळे. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीत कृष्णामाईचे पाणी चढले आणि आमच्या दुकानात आठवडाभर राहिले. सणासुदीसाठी भरलेला माल, साड्या, धोतरजोड्या, सुटिंगच्या गाठी, सारे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकापुढे गाऱ्हाणे मांडीत असे. सरकार, धरण, विमा, नशीब, कोणालाही मी सोडले नाही. त्या काळात नातेवाइकांच्या घरी मुक्काम असताना एका कपाटात हे पुस्तक हाती लागले. वेळ जावा म्हणून उघडले आणि पुढे तीन रात्री खाली ठेववले नाही.

बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३ च्या माघ शुद्ध एकादशीला, म्हणजे इसवी सनाच्या १५८६-८७ च्या हिवाळ्यात, जौनपूर येथे एका श्रीमाळ जैन कुटुंबात झाला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा अकबर बादशहा होता. आजोबा मूळदास हे माळव्यात नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. त्यांचे निधन होताच त्या सरदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहानग्या खरगसेनाला घेऊन जौनपुरास माहेरी आली. हेच खरगसेन बनारसीदासांचे वडील. त्यांनी बंगालमध्ये नोकरी केली, आग्र्यास व्यापार केला आणि शेवटी जौनपुरात जवाहिऱ्याची पेढी थाटली. पहिला मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला. पुत्रप्राप्तीसाठी ते रोहतकच्या सतीच्या यात्रेला निघाले, तर वाटेत चोरांनी लुटले आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी घरी परत यावे लागले. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव विक्रमाजित ठेवले. सहा-सात महिन्यांच्या बाळाला घेऊन माता-पिता काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले असता तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्याचे सोंग करून, यक्षाने साक्षात दर्शन दिले आणि बाळाला प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव देण्यास सांगितले, असे ठोकून दिले. भोळ्या पित्याने ते मानले आणि विक्रमाजिताचा बनारसीदास झाला. वडिलांच्या या भोळेपणाची बनारसीदासांनी पुढे प्रेमाने, पण स्पष्टपणे थट्टा केली आहे. आपल्याच नावाची कुळकथा खोटेपणावर उभी आहे, हे सांगणारा चरित्रकार विरळाच.

अकराव्या वर्षी खैराबादच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ज्या दिवशी सून घरात आली त्याच दिवशी घरातील एक वृद्धा निवर्तली आणि त्याच दिवशी आईच्या पोटी कन्या जन्मली. एका छताखाली एकाच दिवशी तीन प्रकारचे प्रसंग! या योगायोगाचे त्यांना वारंवार आश्चर्य वाटत असावे, कारण सुख आणि दुःख एकाच दारातून एकाच वेळी आत येतात, हे दृश्य त्यांच्या कथनात पुढेही आढळते.

लगेच पुढल्या वर्षी, १५९८ मध्ये, संकट कोसळले. जौनपूरचा सुभेदार किलिच खान याने शहरातील सर्व जवाहिऱ्यांना पकडून कोठडीत घातले. त्याला हवी असलेली मौल्यवान वस्तू त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून त्यांना फटके मारून अर्धमेले केले आणि सोडले. त्या रात्रीच सारे जवाहिरे आपापली कुटुंबे घेऊन दाही दिशांना पांगले. खरगसेन बायकामुलांसह शहजादपूरला पोचले तेव्हा अंधारी रात्र होती, मुसळधार पाऊस कोसळत होता आणि सराईत बसून हे कुटुंब अश्रू ढाळीत होते. तेथे करमचंद नावाचा एक माहूर वाणी धावत आला. त्याने या अनोळखी कुटुंबाला आपले घर दिले, धान्य, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी यांसह, आणि स्वतः दुसरीकडे राहायला गेला.

वाचकहो, येथे मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. किलिच खानाच्या जुलमाला बनारसीदासांनी थोडक्या ओळी दिल्या आहेत, पण करमचंदाने घरात काय काय भरून ठेवले होते याचे वर्णन ते रसाळपणे, मन लावून करतात. तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि लिहिताना पंचावन्न वर्षांचे. त्रेचाळीस वर्षांनंतर फटके पुसट झाले होते आणि पांघरुणाची ऊब ताजी होती. आम्ही व्यापारी लोक नेमके उलटे करतो. ज्याने दहा हजार बुडवले त्याचे नाव नातवंडांनाही पाठ असते, आणि ज्याने पहिल्या दुकानाला उधारीवर माल दिला त्याचे नाव आठवावे लागते.

मात्र बनारसीदासांना बालपणापासून संत समजू नये. ते स्वतःच तसे समजू देत नाहीत. चौदाव्या वर्षी पंडित देवदत्त यांच्याकडे कोश, ज्योतिष, अलंकार असा अभ्यास झाला, पुढे मुनी भानुचंद्रजींच्या सान्निध्यात सामायिक-प्रतिक्रमण शिकले. पण त्याच वयात इश्कबाजीही लागली. वडिलांच्या पेटीतून माणके चोरून ती प्रेमपात्राला नजर करण्यापर्यंत मजल गेली. शृंगाराने भरलेली हजारभर पद्यांची एक पोथीही लिहिली. नंतर सासुरवाडीला, खैराबादला, असताना सर्वांगावर व्रण उठले, केस गळाले, दुर्गंधीमुळे कोणी जवळ येईना. त्या वेळी दोनच व्यक्तींनी सेवा केली, पत्नी आणि सासू. एका न्हाव्याने औषधोपचार केला आणि काही महिन्यांनी रोग बरा झाला. आजार कोणत्या वागण्याचे फळ होते, हे त्यांनी लपवलेले नाही. सेवा कोणी केली तेही नाही.

यानंतरही मोह सुटला नव्हता. एका संन्याशाने असा मंत्र दिला की, तो शौचकूपात बसून वर्षभर गुप्तपणे जपला, तर दररोज दारात एक सोन्याची दिनार पडलेली मिळेल. या बुद्धिमान तरुणाने तो वर्षभर जपला! दिनार काही आली नाही. पुढे एका जोग्याने शंख दिला आणि तो सदाशिव म्हणून पूजण्यास सांगितले. ते गुपचूप त्याची पूजा करू लागले, ती केल्याविना जेवत नसत. देवाशी त्यांचा व्यवहार त्या काळात आम्ही व्यापाऱ्याशी करतो तसा होता : इतके देतो, इतके मिळाले पाहिजे.

१६०५ च्या ऑक्टोबर महिन्यात अकबर बादशहा आग्र्यास निवर्तला. ही वार्ता जौनपुरात पोचली तेव्हा बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच त्यांना भोवळ आली, ते खाली कोसळले आणि डोके फुटून रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. शहरात एकच हलकल्लोळ माजला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने जमिनीत पुरले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे घातली की कोणी ओळखू नये. सुमारे दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले, मग शहर शांत झाले.

जखम भरल्यावर एके दिवशी एकांतात बनारसीदासांच्या मनात विचार आला की, ज्याची मी रोज पूजा करतो त्याने मला पडताना सावरले नाही. त्या दिवसापासून शंखाची पूजा सुटली. येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांनी देवाविरुद्ध फिर्याद केली नाही. देव हा आपल्यासाठी पडणे-झडणे थांबवणारा चौकीदार आहे ही आपली समजूतच चुकीची होती, एवढेच त्यांना उमगले. जिनेंद्र भगवान कोणाचे कर्ज फेडत नाहीत आणि कोणावर जप्तीही आणत नाहीत, हे आपण पाठशाळेत शिकतो. पण जिन्यावरून पडल्याशिवाय ते अंगी उतरत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मित्रांसमवेत गोमतीच्या पुलावर असताना त्यांनी ती शृंगाराची पोथी नदीत सोडून दिली. पाने सुटी होऊन वाहून गेली. मित्र हळहळले. त्यांना स्वतःला एवढेच वाटले की, एक खोटे बोलले तरी दोष लागतो, येथे तर हजार पद्यांत खोटेच भरले होते. त्या दिवसापासून देवदर्शन, सामायिक, व्रतनियम यांकडे त्यांचे मन वळले.

आता खरी कसोटी सुरू झाली. धर्म स्वीकारला की धंदा बरकतीला येतो, अशी आपली एक अव्यक्त अपेक्षा असते. बनारसीदासांच्या बाबतीत अगदी उलट घडले.

१६१० च्या सुमारास वडिलांनी चोवीस वर्षांच्या मुलाला जवळ बोलावून घरचा कारभार सोपवला. माणके, नीलम, पाचू असे थोडे जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड अशी यादी करून माल आग्र्यास नेण्यास सांगितले. गाड्या भरून निघाले. इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराईत जागा नाही, कोणाच्या ओसरीवर थारा नाही, पाय चिखलाने भरलेले. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत आसरा मिळाला, तोही असा की, तेथला माणूस बाजेवर निजला आणि हे तिघे जण त्याच बाजेखाली तरटावर. रात्र सुखात गेली, अशा थाटात ते हा प्रसंग सांगतात. मला तर वाचताना हसू आले आणि मग पुरात पहिल्या मजल्यावर काढलेल्या आमच्या रात्री आठवल्या. आम्हाला गादी होती, दिवा होता, आणि तरी आम्ही रात्रभर कण्हत होतो.

आग्र्याच्या बाजारात या नवख्याची जी दशा झाली ती प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावी. कापड तोट्यात गेले. तूप-तेलात जो नफा झाला तो बोटांवर मोजण्याइतका. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधून ठेवली होती, ती नाडी तुटून कोठे पडली कळले नाही. काही माणके कापडात गुंडाळून ठेवली होती, ती उंदरांनी कापडासकट पळवली. काही जवाहीर ज्याला विकले त्याचे दिवाळे निघाले. भरीस भर म्हणून ताप आला. घरी पत्र गेले, वडिलांनी कपाळ बडवले. हाती उरलेले किडुकमिडुक विकून खाण्याची वेळ आली आणि तेही संपले.

अशा वेळी माणूस काय करतो? बनारसीदास घरात बसून संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही आख्याने गाऊन वाचू लागले. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. खिशात कवडी नसलेला हा तरुण रोज रात्री इतरांचे मनोरंजन करीत होता. श्रोत्यांत एक कचोरीवालाही होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. काही दिवसांनी एकांतात त्यांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितले की, मजजवळ पैसे नाहीत आणि केव्हा येतील याचा भरवसा नाही, तेव्हा तू यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने उत्तर दिले की, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, मी कोणाला काही बोलणार नाही. सहा-सात महिने हे असे चालले. पुढे दिवस पालटल्यावर हिशेब केला तेव्हा चौदा रुपये निघाले, ते बनारसीदासांनी चुकते केले.

चौदा रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती. आग्र्यासारख्या राजधानीत कचोऱ्या विकून पोट भरणारा तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याची चौकशी करण्याचे कारण नाही. त्याने तारण मागितले नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला पत म्हणजे काय याची व्याख्या शिकवली होती. मला ती या कचोरीवाल्यापाशी नीट समजली.

त्यानंतर धरमदास नावाच्या एका ओसवाल तरुणाशी त्यांनी भागीदारी केली. दोन वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत खपले आणि हिशेब केला तो मिळकत व खर्च समसमान! हात झाडून ते खैराबादला सासुरवाडीस गेले. रात्री पत्नीच्या ध्यानात पतीची स्थिती आली. तिने गाठीला बांधून ठेवलेले वीस रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि धीर सोडू नका, माणूस जगला-वाचला तर सारे काही होते, अशा अर्थाचे बोलून त्यांना सावरले. एवढ्यावर न थांबता तिने आपल्या आईला विश्वासात घेतले आणि आईने जावयाचा मान राखून गुपचूप दोनशे रुपये दिले. ज्या मुलीने त्याच्या सडलेल्या देहाची सेवा केली, तीच ही. त्या पैशातून त्यांनी कापड विकत घेतले, ते धुवून घेतले, आणि त्या धावपळीतही अजितनाथ भगवंतांची स्तुती आणि दोनशे पद्यांची ‘नाममाला’ रचली. कापड आग्र्यास नेले, तर बाजारात मंदी! माझ्या व्यापारी बंधूंना या एका शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे त्यांना नरोत्तमदास नावाचा जिवलग मित्र लाभला. एकदा हे दोघे आणि थानमल असे तिघे कोल येथे, म्हणजे आजच्या अलीगढला, दर्शनास गेले आणि जिनमूर्तीपुढे हात जोडून त्यांनी लक्ष्मी मागितली. मिळाली तर पुन्हा यात्रेला येऊ, असेही सांगितले. वीतरागापाशी राग मागण्यातली गंमत बनारसीदासांना नंतर चांगलीच उमगली असावी. पण त्या वेळी आपण मागितले, हे त्यांनी लपवले नाही. आपल्यापैकी कोण मागत नाही?

प्रवासातील संकटे किती सांगावीत! एकदा नरोत्तमसह रात्री रानात वाट चुकून चोरांच्या गावात शिरले. प्रसंगावधान राखून बनारसीदासांनी श्लोक म्हणून चोरांच्या प्रमुखाला आशीर्वाद दिला, तो ब्राह्मण समजून नमला. रात्री सुताची जानवी वळून गळ्यात घातली, कपाळी मातीचे टिळे लावले, आणि सकाळी त्याच चोराने त्यांना फतेहपूरच्या वाटेला लावून दिले. दुसऱ्या एका प्रसंगी घाटमपूरजवळ खोटी नाणी चालवल्याचा आळ आला. रात्रभर पहाऱ्यात ठेवले, सकाळी सर्वांसाठी सूळ आणून ठेवले. सुदैवाने धाकट्या भावाचे लग्न जवळच्याच गावी झाले होते, तेथील ओळख पटली आणि प्राण वाचले.

याच सुमारास एक घटना अशी घडली की, तिचा विसर पडू नये. ज्या किलिच खानाने खरगसेनांना फटके मारविले, त्याच घराण्यातील चीनी किलिच हा जौनपूरला अधिकारी म्हणून आला. त्याला विद्येची आवड होती. बनारसीदासांनी त्याला ‘नाममाला’, छंदशास्त्र, ‘श्रुतबोध’ असे ग्रंथ शिकवले. त्याने त्यांना वस्त्रे देऊन गौरविले आणि त्याच्या मृत्यूचे त्यांना दुःख झाले. वैर वहीतून पुढे ओढले गेले नाही.

१६१६ च्या सुमारास पिता खरगसेन निवर्तले. आग्र्यात गाठीच्या रोगाची साथ आली. उंदीर मरून पडत, माणसाच्या अंगावर गाठ येई आणि पाहता पाहता प्राण जाई. वैद्यही मरू लागले, अन्न खाण्याची लोकांना भीती वाटू लागली. शहर ओस पडले, बनारसीदासांनी जवळच्या एका गावात दिवस काढले. उत्तर हिंदुस्थानातील प्लेगच्या साथीची प्रत्यक्ष पाहणाऱ्याने केलेली ही फार जुनी नोंद आहे आणि इतिहासकार आजही ती वापरतात. २०२० साली आपणही बंद दाराआड महिनेच्या महिने काढले, म्हणून हा भाग आता वेगळ्या नजरेने वाचला जातो.

आणि घरात? खैराबादची ती पत्नी बाळंतपणानंतर गेली, मूलही गेले. ती वार्ता ज्या पत्रातून आली त्याच पत्रात तिच्या धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरल्याचेही कळवले होते. शोक आणि आनंद पुन्हा एकाच दारातून आत आले. दुसरी पत्नीही वारली, तिसरा विवाह झाला. तिन्ही संसारांत मिळून सात पुत्र आणि दोन कन्या झाल्या. नऊच्या नऊ अपत्ये गेली. त्यातील शेवटचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन संवत १६९६ मध्ये गेला, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. या मुलाचा शोक त्यांना फार झाला, दीर्घकाळ सावरता आले नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. ज्ञानी माणसाला दुःख होत नाही, असा आव त्यांनी आणला नाही. मला ही कबुली फार मोलाची वाटते. तक्रार न करणे म्हणजे न रडणे नव्हे. बनारसीदास रडले, मात्र आपल्यावर अन्याय झाला असे ते कोठेही म्हणत नाहीत. कर्म आपले, उदय आपला, मग फिर्याद कोणाविरुद्ध लावायची?

ही दृष्टी त्यांना सहजासहजी लाभली नव्हती. १६२३ मध्ये अरथमल ढोर या गृहस्थाने त्यांना ‘समयसार’ आणि त्यावरील पांडे राजमल्लांची टीका वाचायला दिली. निश्चयनयाची गोडी लागली, पण व्यवहार सुटला. पूजा, प्रतिक्रमण सारे सोडून दिले. तीन मित्रांना घेऊन खोलीत वस्त्रे उतरवून आपण मुनी झालो म्हणत नाचण्यापर्यंत मजल गेली. लोकांनी नावे ठेवली, आणि ती योग्यच होती असे ते सांगतात. सुमारे बारा वर्षे हा गोंधळ चालला. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी ‘गोम्मटसारा’चे विवेचन केले. ज्या गुणस्थानात जीव असेल तशी त्याची क्रिया असते, निश्चय आणि व्यवहार यांत विरोध नाही, हे ऐकून बनारसीदासांचे मन स्थिर झाले. पुढच्याच वर्षी, १६३६ मध्ये, ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. आपण आज जो ग्रंथ चौरंगावर ठेवून वाचतो तो अशा माणसाने लिहिला आहे, ज्याने रत्ने उंदरांना, धन मंदीला आणि आठ लेकरे काळाला दिली होती. नववे जायचे होते.

ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, १६४१ मध्ये, ६७५ पद्यांचे ‘अर्धकथानक’ लिहिले. शेवटी त्यांनी आपले गुणदोष मांडले आहेत, अगदी ताळेबंद मांडावा तसे. क्षमा आहे, संतोष आहे, कविता उत्तम वाचतो, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला, राग-अभिमान थोडा, पण लक्ष्मीचा लोभ मोठा. घर सोडवत नाही. जपतप, दानपूजा यांत मन नाही. थोड्या नफ्याने हर्ष आणि थोड्या तोट्याने चिंता होते. थापा रंगवून सांगतो. एकांत मिळाला की नाचतो. अवचित भय वाटते. हे सारे ‘समयसार नाटक’ लिहून झाल्यावरचे! माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेली ही कथा, म्हणून तिला अर्धकथानक असे नाव दिले. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. १६४३ च्या सुमारास त्यांचा देहान्त झाला असे मानतात. त्यांच्या स्फुट रचना आग्र्याच्या जगजीवन यांनी संवत १७०१ मध्ये ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या. ‘अर्धकथानक’ मात्र छापील रूपात येण्यास तीनशे वर्षे लागली. ते १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी आपल्या मुंबईतून, हिराबागेतील हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे प्रसिद्ध केले, ही महाराष्ट्रातील जैन समाजाला अभिमानाची गोष्ट आहे.

पुरानंतर मी दुकान पुन्हा उभे केले, त्याची कथा सांगण्यासारखी नाही. साऱ्या पेठेने तेच केले. एवढे मात्र झाले की, त्या दिवाळीला नवी वही घातली तेव्हा पहिल्या पानावर, श्री लिहिल्यानंतर, पुराच्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावे लिहिली. भिजलेला माल उपसायला आलेला हमाल, पैशांचा तगादा न लावता नवा माल पाठवणारा इचलकरंजीचा ठोक व्यापारी, पाण्यातून दूध आणून देणारा पोरगा. बावीस नावे निघाली. गाऱ्हाण्यांची यादी करायला बसलो असतो तर ती एवढी भरली असती की नाही, सांगता येत नाही.

‘अर्धकथानका’ची मी नंतर विकत घेतलेली प्रत या महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टच्या वाचनालयात ठेवीत आहे. भाषा जुनी आहे, परंतु सोबत हिंदी अर्थ दिलेला असल्याने अडचण पडणार नाही. कचोरीवाल्याच्या पानावर खुणेची दोरी घातली आहे, ती कृपया काढू नये.